कान वाटून घेणारी सभा

बोलणारा एकच असतो. समोर बसलेल्यांपैकी एकाचा डोळा घड्याळावर, दुसरा कागदावर त्याच्या ‘अं... अं’च्या रेघा ओढतोय, तिसरीचं लक्ष त्याच्या शब्दांवर आणि वाक्यरचनेवर, आणि चौथा थोड्याच वेळात उठून याच भाषणावर भाषण करणार आहे! टोस्टमास्टर्स क्लबची सभा पहिल्यांदा पाहणारा चक्रावतोच. भाषण शिकवणाऱ्या या सभेत शिक्षक मात्र कुणीच नसतो.

हे डोकं राल्फ स्मेडली यांचं. अमेरिकेत वायएमसीएमध्ये काम करताना त्यांना दिसलं, की तरुण पोरं हुशार आहेत, पण चारचौघांत उभं राहिलं की त्यांची जीभ अडखळते. २२ ऑक्टोबर १९२४ रोजी कॅलिफोर्नियातल्या सांता आना इथे त्यांचा क्लब सुरू झाला. आज असे क्लब जगभर आहेत, पुण्या-मुंबईतही. मला विचाराल तर त्यातली खरी करामत भाषणांत नाही, ऐकण्याचं काम वाटून देण्यात आहे. सगळ्यांनी सगळं ऐकायचं म्हटलं की कुणीच धड काही ऐकत नाही, हे आपल्या सत्कार समारंभांत रोज दिसतं.

टायमरचं काम बघा. पाच ते सात मिनिटांचं भाषण असेल तर पाचव्या मिनिटाला हिरवा दिवा, सहाव्याला पिवळा, सातव्याला लाल. दिवे नसतील तर रंगीत कार्डं. कुणी खाकरत नाही, चिठ्ठी पाठवत नाही, बोलणाऱ्याचं वाक्य तुटत नाही. लाल रंगानंतर अर्ध्या मिनिटाची सवलत असते, आणि स्पर्धेत तीही ओलांडली की स्पर्धक बाद. ‘दोनच शब्द बोलतो’ म्हणून तासभर माईक न सोडणाऱ्या आपल्या पाहुण्यांसमोर हे दिवे ठेवायला हवेत.

‘आ काउंटर’ नावाची भूमिका तर अफलातून आहे. ‘अं’, ‘म्हणजे’, ‘काय आहे ना’, ‘ॲक्चुअली’ असे वाक्याच्या फटींत घुसणारे उच्चार हा माणूस नोंदवतो आणि शेवटी प्रत्येकाचा आकडा जाहीर करतो. हे उच्चार अगदीच निरर्थक नाहीत, ही त्यातली मजा. हर्बर्ट क्लार्क आणि जीन फॉक्स ट्री या भाषाविज्ञानाच्या अभ्यासकांनी २००२ मध्ये इंग्रजीतल्या अशा हुंकारांबद्दल मांडलं, की बोलणारा त्यातून ‘जरा थांबा, शब्द येतोय’ अशी सूचनाच देत असतो. गप्पांत ती उपयोगी पडते. व्यासपीठावर मात्र तिच्या जागी नुसतं गप्प राहणं जास्त शोभतं, आणि ते गप्प राहणं भलतंच अवघड!

ग्रामेरियन त्या दिवसाचा एक नवा शब्द देतो, तो आपल्या बोलण्यात कोण कसा गुंफतो ते बघतो आणि चांगल्या वाक्यांची नोंद ठेवतो.

टेबल टॉपिक्समध्ये आयत्या वेळच्या विषयावर एक ते दोन मिनिटं बोलायचं असतं. तो भाग चालवणाऱ्याने आधी प्रश्न विचारायचा, थोडं थांबायचं आणि मग नाव पुकारायचं. आधीच नाव घेतलं तर बाकीचे सुटलो म्हणून खुर्चीत सैलावतील. प्रश्न आधी आला की ‘माझंच नाव आलं तर?’ या धास्तीने सगळ्यांचीच डोकी कामाला लागतात. बोलतो एक, पण मनातल्या मनात उत्तर जुळवतात सगळे.

भाषणाचं मूल्यमापन करणाऱ्याला मिळतात दोन-तीन मिनिटं. तेवढ्यात काय जमलं, काय सुधारता येईल हे माणूस न दुखावता सांगायचं. आणि हे मूल्यमापन कसं झालं ते जोखायला जनरल इव्हॅल्युएटर असतो. तो खुद्द सभेचंही मोजमाप करतो: वेळेवर सुरू झाली का, कोण कुठे कमी पडलं.

पुढच्या सभेला भूमिका बदलतात. आज दिवे लावणारा उद्या दिव्यांकडे बघत बोलतो. सुटका मात्र कुणालाच नाही. टायमर अहवाल द्यायला उभा राहिला, की त्याच्याही ‘अं’च्या रेघा ओढल्या जातात.