ए-१६ कोठीतला कोळसा

कोळसा काडी न लावता पेटतो, हे वणी-चंद्रपूरच्या खाणकामगाराला सांगायला नको. नुकताच फोडलेला कोळसा साध्या हवेतला प्राणवायू शोषत राहतो आणि त्यातून थोडी थोडी उष्णता निघते. वाऱ्याने ती वाहून नेली तर काही बिघडत नाही. हवा मुळीच पोचली नाही तरी नाही. प्राणवायू पुरेल, पण उष्णता बाहेर पडणार नाही, असा ढीग मात्र घात करतो. तो तापतो तसा शोषणाचा वेग वाढतो आणि वेग वाढतो तसा तो आणखी तापतो. रॉबर्ट प्लॉटने १६८६ मध्ये याचं खापर कोळशातल्या गंधकयुक्त लोहखनिजावर फोडलं होतं आणि पुढे दीर्घकाळ पंडितांनी तेच गिरवलं.

मला मात्र या रसायनापेक्षा त्यावरून झालेली भांडणं जास्त ओढतात. त्यांतलं सर्वांत महागात पडलेलं भांडण 'मेन' या अमेरिकी युद्धनौकेचं. १५ फेब्रुवारी १८९८ च्या रात्री स्पेनच्या ताब्यातल्या हवाना बंदरात ती स्फोटाने बुडाली. अडीचशेहून अधिक माणसं गेली आणि एप्रिलमध्ये स्पेनशी युद्ध जुंपलं. हर्स्ट, पुलित्झर हे वृत्तपत्रमालक आणि त्यांचे भडक मथळे वाचकांना पाठ आहेत, ते सोडून देतो.

त्या कथेत फिलिप अल्जर सहसा भेटत नाही. अमेरिकी नौदलातला हा गणिताचा प्राध्यापक, तोफा आणि स्फोटकांचा जाणकार. स्फोटानंतर तीनच दिवसांनी वॉशिंग्टनच्या 'इव्हिनिंग स्टार'मध्ये त्याचं मत छापून आलं. कुठल्याही ज्ञात टॉर्पेडोने एकट्याने एवढा विध्वंस होणार नाही, जहाजातलंच दारूकोठार उडालं असावं, आणि असं घडण्याचं नेहमीचं कारण म्हणजे कोळशाच्या कोठीतली आग. दाखलाही त्याने घरचाच दिला. 'सिनसिनाटी' जहाजावर अशाच आगीने शेजारच्या दारूकोठारातल्या लाकडी पेट्या पेटल्या होत्या. वेळीच लक्षात आलं नसतं तर तिचीही 'मेन' झाली असती.

नौदलाचे तेव्हाचे उपमंत्री थिओडोर रूझवेल्ट यावर भडकले. अल्जरच्या वरिष्ठांना त्यांनी पत्र लिहिलं. या माणसाला अपघाताबद्दल काही ठाऊक असणं शक्यच नाही, हा तर स्पॅनिश बाजू घेतो आहे, असा त्याचा सूर. पत्रातला खरा मासला पुढे आहे. सुरुंगाचा संभव असो वा नसो, जहाज सुरुंगाने उडालं असणं 'शक्य' आहे, यावर खात्यातल्या उत्तम माणसांचं एकमत आहे म्हणे! उपमंत्र्याला एवढा आधार पुरला.

या स्फोटासाठी नेमलेल्या, नौदल अधिकारी सॅम्पसन यांच्या चौकशी मंडळात अल्जरला जागा नव्हती. मार्चमधल्या त्यांच्या अहवालाने बाहेरचा सुरुंग हेच कारण ठरवलं. मला त्यातला एकच परिच्छेद पुन्हा पुन्हा वाचावासा वाटतो, दारूकोठाराजवळच्या ए-१६ या कोठीचा. ती न्यू रिव्हर खाणींच्या कोळशाने पूर्ण भरलेली होती. अहवाल म्हणतो, कोळसा चढवताना नीट पाहिला होता, कोठी त्याच दिवशी तपासली होती, आगीची सूचना देणारी यंत्रणा चालू होती आणि या जहाजावर कोळसा आपोआप पेटल्याचा प्रसंग कधी आलाच नव्हता. शेवटचा मुद्दा पुरावा म्हणून मांडण्याचं धाडस सरकारी कागदच करू जाणे. त्या काळी नौदल अँथ्रासाइट हा कठीण कोळसा सोडून धूर करणारा, पण पटकन पेटणारा बिट्युमिनस कोळसा वापरू लागलं होतं. अँथ्रासाइट सहसा आपणहून पेटत नाही, हा मात्र पेटतो. शिवाय कोळसा उष्णतेचा वाईट वाहक, आतला भाग धुमसत असला तरी बाहेरचा पत्रा लगेच सांगत नाही. अर्थात दारू पेटायला उष्णता त्या पत्र्यापर्यंत पोचायलाच हवी, हा सॅम्पसनपक्षाचा मुद्दा मला उडवून लावता येत नाही.

१९११ मध्ये भोवती बांध घालून जहाज उघडं केलं, तेव्हा चौकशीच्या दुसऱ्या, व्रीलँड मंडळानेही सुरुंगच म्हटलं, फक्त जागा बदलली. १९७६ मध्ये आण्विक पाणबुड्यांचे जनक ॲडमिरल रिकओव्हर यांनी जुनी छायाचित्रं दोन तज्ज्ञांकडून तपासून घेतली आणि कौल अल्जरकडे झुकला. १९९८ मध्ये 'नॅशनल जिऑग्राफिक'ने करवलेल्या संगणकीय अभ्यासात कोठीतली आग दारू पेटवू शकते असं दिसलं, पण तळाचा वाकलेला पत्रा सुरुंगालाही वाव ठेवून गेला. थोडक्यात, रूझवेल्टांचं 'शक्य' दोन्ही बाजूंना लागू झालं. फरक इतकाच की सुरुंगासाठी तो बंदरात आणून ठेवणारा कोणी तरी लागतो आणि तो आजवर सापडलेला नाही.