थायरॉईड, किरणं आणि टीएसएचचा हुकूम

चेर्नोबिलची अणुभट्टी २६ एप्रिल १९८६ रोजी फुटली. तिच्यातलं किरणोत्सारी आयोडीन-१३१ गवतावरून गाईच्या दुधात आणि दुधातून मुलांच्या पोटात गेलं. चार-पाच वर्षांतच बेलारूसमध्ये मुलांच्या थायरॉईड कर्करोगाचे रुग्ण झपाट्यानं वाढले. १९९२ साली ‘नेचर’मधून ते जगापुढे आलं. दूध तर मोठ्यांनीही प्यायलं होतं. मग मुलंच का? लहान ग्रंथीत तेवढंच आयोडीन साठलं तरी मारा जास्त बसतो, हे एक उत्तर. दुसरं उत्तर हार्मोन्सपाशी आणि पेशींच्या विभाजनापाशी जातं.

रक्तातलं थायरॉक्सिन हे थायरॉईडचं हार्मोन घटलं की मेंदूच्या तळाची पिट्युटरी ग्रंथी टीएसएच हे हार्मोन सोडते. त्याच्या हुकमानं थायरॉईड पेशीच्या आवरणातला वाहक आयोडीन आत ओढतो. ते साधं की किरणोत्सारी, हे वाहकाला कळत नाही. आयोडीन-१३१चे बीटा कण ऊतीत जेमतेम एक-दोन मिलिमीटर जातात. म्हणून बहुतेक मारा थायरॉईडवरच होतो. आहारात आयोडीन कमी असेल तर ग्रंथी आणखी अधाशी होते. बेलारूस आणि रशियातल्या मुलांच्या २००५ सालच्या अभ्यासात, आयोडीनचा तुटवडा असलेल्या भागांत धोका सुमारे तिप्पट आढळला. ग्रंथी आधीच भरावी म्हणून पोलंडनं मात्र तीन दिवसांत साधं आयोडीन पाजायला घेतलं आणि एक कोटीहून अधिक मुलांना ते दिलं.

आत शिरलेल्या आयोडीनचे बीटा कण डीएनएचे दोन्ही धागे तोडू शकतात. टोकं सांधताना गफलत झाली की ‘रेट’ जनुक भलत्याच जनुकाला चिकटतं आणि पेशी वाढत सुटते. २०२१ साली चेर्नोबिलच्या चारशेहून अधिक गाठी तपासल्या, तेव्हा जितका डोस जास्त तितके असे चुकीचे जोड जास्त, हे स्पष्ट झालं. प्रौढांच्या थायरॉईड पेशी क्वचितच विभागतात; मुलांच्या विभागत असतात, म्हणून चूक पुढच्या पेशींत उतरते. शिवाय हार्मोन घडवताना पेशीला हायड्रोजन पेरॉक्साइड लागतं आणि तेही डीएनएला इजा करू शकतं.

टीएसएचचा वाटा तपासायला प्रयोगशाळेत उंदरांच्या थायरॉईड पेशी टीएसएच घालून आणि न घालता वाढवतात. बाहेरून क्ष-किरण सोडले तर डोस दोन्हींना सारखाच. पोषक द्रवात आयोडीन-१३१ घातलं की मात्र टीएसएचवाल्या पेशी ते आत साठवतात. डीएनए तुटलेल्या जागी गॅमा-एच२एएक्स हे प्रथिन जमतं. चमकणारा रंग लावून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं की केंद्रकातले ठिपके मोजता येतात. हे ठिपके वाढले ते डोस वाढला म्हणून, की दुरुस्ती कमी पडली म्हणून, हे वेगळं काढणं हीच या कामातली खरी मेख आहे.

आयोडीन-१३१ देऊन केलेल्या उपचारात डॉक्टर याच हुकमाचा उपयोग करतात. कर्करोगामुळे थायरॉईड काढल्यावर थायरॉक्सिनची गोळी तीन-चार आठवडे बंद ठेवतात, आयोडीनयुक्त मीठ आणि मासळी वर्ज्य करतात. टीएसएच दर लिटरला ३० मिलियुनिटच्या वर गेलं की उरलेल्या पेशी आयोडीन चांगलं ओढतात. पण गोळी थांबली की मूत्रपिंडंही मंदावतात, आयोडीन रक्तात रेंगाळतं आणि बाकीच्या शरीराला जास्त किरणं लागतात. टीएसएचचं इंजेक्शन दिलं तर हे टळतं. कमी जोखमीच्या रुग्णांत १०० मिलिक्युरीऐवजी ३० मिलिक्युरीवरही भागतं, असं २०१२ साली ब्रिटन आणि फ्रान्समधल्या चाचण्यांत दिसलं.

म्हणून फाइलवर किती मिलिक्युरी दिलं, एवढंच वाचून इजेचा अंदाज बांधता येत नाही. त्या दिवशी टीएसएच किती होतं आणि ते कसं वाढवलं होतं, हेही पाहावं लागतं.