काळ्या जमिनीवर पिकलबॉलचें कोर्ट

आजच्या विषयाचें नांव ऐकून कित्येक घरांतून लोणच्याच्या बरणीची आठवण होईल. ‘पिकल’ म्हणजे लोणचें हें खरें. पण या खेळाशीं लोणच्याचा कांहीं संबंध नाहीं. १९६५ च्या उन्हाळ्यांत अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यांतील बेनब्रिज बेटावर जोएल प्रिचर्ड व बिल बेल हे दोन गृहस्थ, सुटींत कंटाळलेल्या घरच्या मंडळींसाठीं कांहीं खेळ काढावा म्हणून अंगणांतील जुन्या बॅडमिंटन कोर्टावर गेले. रॅकेटी धड सांपडेनात; तेव्हां त्यांनीं टेबल टेनिसच्या फळ्या व भोंकें असलेला प्लास्टिकचा चेंडू घेतला. चेंडू जमिनीवरून बरा उसळतो असें पाहून पुढें जाळें खालीं उतरविलें. बार्नी मॅकॅलम हे त्यांचे स्नेही. त्यांनीं नियमांस आकार देण्यास साह्य केलें. नांवाविषयीं तेथें अद्याप वाद आहे. कोणी तें होडीच्या शर्यतीवरून आलें म्हणतात, कोणी घरच्या कुत्र्यावरून. आपल्या देशांत हा खेळ मुंबईच्या सुनील वालावलकर यांनीं आणला व २००८ सालीं त्याची अखिल भारतीय संघटना उभी राहिली. बॅडमिंटनचे आरंभींचे नियम एकोणिसाव्या शतकांत पुण्याच्या इंग्रज लष्करी अधिकाऱ्यांत रूढ झाले होते. म्हणजे त्याच कोर्टाचा हा नातू फिरत फिरत आजोळीं आला, असें म्हणण्यास हरकत नाहीं.

आतां हा खेळ शहरांतून खेड्यांकडे निघाला आहे. आमचें चकलांबा गांव बीड जिल्ह्याच्या गेवराई तालुक्यांत आहे. गोदावरीच्या खोऱ्यांतील काळी जमीन हें या तालुक्याचें वैभव. कापसाला ती आई, पण इमारतीला सावत्र आई. गांवच्या मुलांनीं काँक्रीटचें कोर्ट बांधण्याचें मनावर घेतलें आणि सल्ला विचारावयास तीं माझ्याकडे आलीं. मी कांहीं इंजिनियर नव्हे. एकदां चूक केलेला माणूस, एवढाच माझा अधिकार.

ती चूक सांगतों. पूर्वीं एका शाळेच्या आवारांत आम्हीं बॅडमिंटनसाठीं काँक्रीट टाकलें. वर्गणी गोळा करणारा मीच व देखरेख ठेवणाराही मीच. सुटीचे दिवस म्हणून काम मे महिन्यांत उरकलें. माती वरवर खरवडली, थोडी खडी पसरली आणि तिच्यावर चार इंचांचा थर दिला. पहिल्याच पावसाळ्यांत कडा उचलल्या. दुसऱ्या उन्हाळ्यांत मधोमध अशी भेग पडली कीं तींत मुलाचें बोट जावें. एके सायंकाळीं भेगेच्या वर आलेल्या काठास ठेंच लागून एक मुलगी पडली व तिचें मनगट मोडलें. वर्गणीदारांपैकीं कोणीं मला एक शब्द विचारला नाहीं. तें अधिक लागलें.

चूक सिमेंटची नव्हती, जमिनीची ओळख न ठेवल्याची होती. काळ्या मातींतील चिकणमातीचे कण पाणी आंत घेऊन फुगतात व वाळले कीं आकसतात. उन्हाळ्यांत आमच्या शेतांतील भेगांत सबंध काठी उतरते, ती याच कारणानें. अशा जमिनीवर काँक्रीटचें झांकण घातलें कीं त्याच्या मध्यभागाखालची ओल तशीच राहते. कडांखालची माती मात्र पावसाळ्यांत फुगते आणि उन्हाळ्यांत खचते. थर मधोमध धरलेला व कडांना हालविलेला, अशी त्याची स्थिति होते. काँक्रीट दाब सोसतें, वांकणें सोसत नाहीं. म्हणून तें तडकतें.

यासाठीं खरा खर्च कोर्टाच्या वर नसून खालीं आहे. खेळाचें कोर्ट ४४ फूट लांब व २० फूट रुंद. पण चेंडूमागें धांवण्यास जागा हवी म्हणून निदान ६० फूट लांब व ३० फूट रुंद थर टाकावा. लांबी दक्षिणोत्तर ठेवावी, म्हणजे सकाळ-संध्याकाळचें ऊन कोणाच्या डोळ्यांवर येत नाहीं. या सबंध जागेंतील आणि तिच्या भोंवतींच्या तीन फुटांतील काळी माती दीड ते दोन फूट खणून काढावी. जेथें ती फारच खोल असेल तेथें जाणत्या इंजिनियरास जमीन दाखवावी. तेथें माझ्यासारख्याचें ऐकूं नये. खड्ड्यांत मुरूम सहा-सहा इंचांच्या थरांनीं भरावा, प्रत्येक थर पाणी मारून रोलरनें दाबावा. नुसत्या थराखालीं दीड फूट भरावयाचें म्हटलें तरी सत्तावीस ब्रास जागा भरते; दाबल्यावर मुरूम बसतो, म्हणून आणावयाचा त्याहून अधिक. गांवांतील कोणी म्हणालें, ‘मास्तर, एवढा पैसा मातींत घालतां?’ मीं म्हटलें, होय, मागच्या खेपेस तो मातींत न घातल्यानेंच मातीमोल झाला.

मुरुमावर जाड प्लास्टिकचा कागद अंथरावा, म्हणजे खालची ओल वर येत नाहीं. त्यावर आठ मिलिमीटर सळईची जाळी येते. ही जाळी थराच्या वरच्या भागांत राहिली पाहिजे. पण मजूर तिच्यावरून चालतात आणि ती तळाशीं जाऊन बसते. तळाशीं पडलेली जाळी वरची भेग आंवरूं शकत नाहीं. यास्तव तिच्याखालीं सिमेंटचे ठोकळे पुरेसे द्यावे व काम चालूं असतां कोणी तरी केवळ तिच्याकडेच पाहात उभें राहावें.

चार इंचांच्या थरास सहा ब्रास काँक्रीट लागतें. एक भाग सिमेंट, दीड भाग वाळू व तीन भाग खडी या प्रमाणानें सिमेंटच्या सुमारें १४० पिशव्या, अडीच ब्रास वाळू आणि पांच ब्रास खडी होते. पाणी जास्त घातलें कीं काँक्रीट झटपट पसरतें आणि गवंडी खूष होतो. तेंच काँक्रीट पुढें कच्चें निघतें. सबंध कोर्टास रुंदीच्या एका बाजूकडे दर दहा फुटांस एक इंच उतार द्यावा. मधोमध उंचवटा करून दोहोंकडे उतार देण्याचा मोह टाळावा. 

भेगा पडणारच असतील तर त्या आपण सांगूं तेथें पडाव्या, हें सांध्यांचें रहस्य. थर पडल्यावर दुसऱ्या दिवसाच्या आंत दर दहा फुटांवर यंत्रानें एक इंच खोल चिरा पाडाव्या. साठ बाय तीसच्या थराचे असे अठरा चौक होतात. यांतील एक आडवी चीर नेमकी जाळ्याखालीं येते, आणि खेळाच्या आडव्या रेषांपैकीं एकही चिरेवर पडत नाहीं. हा हिशेब मीं मुलांकडून फळ्यावर करून घेतला; भूमितीचा तास इतका रंगलेला मला पूर्वीं आठवत नाहीं.

वरचा पृष्ठभाग आरशासारखा घोटूं नये. आमच्या गवंड्यांस घोटाईचा अभिमान. पण दंवाच्या सकाळीं घोटीव सिमेंटवर धांवणारा खेळाडू घसरलाच म्हणून समजावें. ओल्या थरावरून झाडू एका दिशेनें ओढून बारीक खर ठेवावी.

मग पाणी. आमच्याकडील कोरड्या हवेंत निदान दहा दिवस थर ओला राहिला पाहिजे. सबंध थरावर एक इंच पाणी साठवावयाचें तर एका वेळेस सव्वाचार हजार लिटर लागतें. ज्या तालुक्यांत उन्हाळ्यांत पिण्याच्या पाण्याचा टँकर येतो, तेथें खेळासाठीं हें पाणी मागण्यास तोंड होत नाहीं. म्हणून काम उन्हाळ्यांत नकोच. दिवाळीनंतर, विहिरींस पाणी असतांना, ऊन सौम्य असतांना काँक्रीट टाकावें व गोणपाटें भिजवून पसरावीं. अडचण एवढीच कीं, त्याच दिवसांत बीड जिल्ह्यांतील असंख्य कुटुंबें ऊसतोडीसाठीं बाहेर गेलेलीं असतात. राबणारे हात तेव्हां कमी. उचल घेण्यापूर्वींच मजुरांशीं बोलून ठेवावें लागतें.

जाळ्याचे खांब २२ फूट अंतरावर, थरापासून वेगळ्या पायांत बसवावे. जाळें कडेस ३६ इंच व मध्यें ३४ इंच. रंग २८ दिवसांनीं. त्यापूर्वीं कोर्टावर पाणी ओतावें आणि तासाभरानें पाहावें. रुपयाचें नाणें बुडेल असें डबकें कोठें राहिलें तर तेथें भर घालून घ्यावी. भोंवतीं मुरुमाची पट्टी व पलीकडे चर असावा. झाड जवळ नको. त्याचीं मुळें कडेखालचें पाणी ओढतात. शहरांतील बंधुभगिनींस आणखी एक सूचना: या चेंडूचा टक्‌टक् आवाज चांगलाच त्रासदायक असतो. कोर्ट शेजाऱ्याच्या खिडकीपासून दूर ठेवावें, नाहीं तर खेळापेक्षां तक्रारींचाच सामना रंगेल.

चकलांब्यास सध्यां खड्डा भरून झाला आहे. मुलांस घाई आहे. पण मुरुमावरून एक पावसाळा जाऊं द्यावयाचा, बसावयाचें तें बसूं द्यावयाचें, असें मीं ठरविलें आहे. तोंवर तीं त्यावर चुन्याच्या रेषा आखून, दोरी बांधून खेळतात. मनगट मोडलेल्या त्या मुलीचा धाकटा भाऊ त्यांत आहे.