शिजियाझुआंग: सोलापूरच्या डॉक्टरांना भेटायला



भारतवारीच्या वाटेवर चीन पाहायचा म्हणजे बीजिंग नाहीतर शांघाय. आम्ही मात्र बीजिंगहून शिजियाझुआंगला गेलो. "तिथे काय आहे?" असं सगळ्यांनी विचारलं. तिथे आपला सोलापूरचा माणूस आहे!

डॉ. द्वारकानाथ कोटणीस 1938 साली काँग्रेसने पाठवलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेले. जपानशी चाललेल्या युद्धातल्या जखमींवर उपचार करता करता तिथलेच झाले. क्वो छिंगलान या परिचारिकेशी त्यांनी लग्न केलं, मुलाचं नाव ठेवलं यिनहुआ, म्हणजे 'भारत-चीन'. 9 डिसेंबर 1942 रोजी, अवघ्या 32 व्या वर्षी ते गेले. व्ही. शांताराम यांचा 'डॉ. कोटनीस की अमर कहानी' (1946) आपल्या आई-वडिलांनी पाहिलेला असतो, समाधी मात्र क्वचितच कुणी पाहिलेली असते.

ती या शहरातल्या हुतात्मा स्मारक उद्यानात आहे, शेजारी पुतळाही आहे. कॅनडाचे डॉ. बेथ्यून यांची समाधीही याच उद्यानात. इथेच जन्मलेल्या आमच्या मुलांना परदेशात राहिलेला मराठी माणूस म्हणजे फक्त आपणच, असं वाटायचं. पुतळ्यापुढे ती गप्प झाली.

जायचं कसं? बीजिंगपासून अंतर सुमारे 280 किलोमीटर. वेगवान रेल्वेने साधारण सव्वा तास लागतो. तिकीट पासपोर्टवरच निघतं, म्हणून तो जवळ ठेवा. वेळ असेल तर जवळच्या झेंगडिंगमधल्या लोंगशिंग मंदिरातली हजार हातांची प्रचंड ब्राँझमूर्ती जरूर पाहा.

व्हिसाचं नीट समजून घ्या. 2024 च्या डिसेंबरपासून अमेरिकन पासपोर्टवर ठराविक विमानतळांवरून 240 तास व्हिसाशिवाय राहता येतं. मुख्य अट: एका देशातून येऊन पुढे तिसऱ्याच देशात जायचं, तेही पक्क्या तिकिटावर. म्हणजे अमेरिका-बीजिंग-भारत चालतं, अमेरिका-बीजिंग-अमेरिका नाही. आजी-आजोबांचा पासपोर्ट भारतीय असेल तर त्यांना ही सवलत नाही. त्यांचा व्हिसा आधीच काढा. नियम बदलतात, निघण्यापूर्वी पुन्हा तपासा.

गूगल आणि व्हॉट्सॲप तिथल्या इंटरनेटवर चालत नाहीत. हॉटेलचा आणि उद्यानाचा पत्ता चिनी लिपीत कागदावर लिहून घ्या. पैशांसाठी फोनवर अलीपे घ्या, त्याला आपलं क्रेडिट कार्ड जोडता येतं. शाकाहारी मंडळींनी "वो छ्र सू" एवढं पाठ करावं, आणि तरीही थेपले न्यावेत!

पुढच्या भारतवारीत दोन दिवस काढा. डॉक्टरांना घरी परतता आलं नाही. आपल्याला त्यांच्याकडे जाता येतं.