कंपायलर रेंगाळतो तो लॅपटॉपमुळेच?

किल्लारी-औशाकडचं पोर इंजिनिअरिंगला लागलं की सोयाबीनच्या पैशातून घरात लॅपटॉप येतो. पुढे मोठा प्रोग्राम कंपाइल व्हायला वेळ लागला की सल्ला ठरलेला: मशीन बदल. जुनं मशीन हळू असतं, हे खरं. पण कंपायलर हाही माणसांनी लिहिलेला प्रोग्रामच आहे, आणि तो एकच काम किती वेळा उगाळतो यावर आपला वेळ ठरतो. हे विसरून घरच्यांना खर्चात पाडणं मला चुकीचं वाटतं.

कंपायलरच्या आतल्या कामाचा कस पवईच्या आयआयटी मुंबईत फार बारकाईने लागला. प्रोग्राममध्ये काही वाटांवर 'अ + ब' हीच बेरीज दोनदा होते. ती एकदाच व्हावी यासाठी मोरेल आणि रेन्व्हॉइज यांनी 1979 मध्ये पद्धत दिली. तिच्यात माहिती पुढे आणि मागे, दोन्हीकडे वाहते. त्यामुळे उत्तर स्थिर होईपर्यंत सगळ्या ब्लॉक्सवर, म्हणजे सलग चालणाऱ्या कोडच्या तुकड्यांवर, पुन्हा पुन्हा फेऱ्या माराव्या लागतात. आयआयटीच्या धनंजय धामधेरे यांनी 1988 मध्ये हेच काम वेगाने करणारी पद्धत मांडली. 1992 मध्ये रोझेन आणि झाडेक यांच्यासह त्यांनी मोठ्या प्रोग्रामचा प्रश्न हाती घेतला: प्रत्येक ब्लॉकवर सगळ्या राशींची माहिती वाहून नेण्याऐवजी 'अ + ब'सारखी एकेक राशी घ्यायची आणि जिथे खरोखर बदल होतो तिथेच जायचं. पुढच्याच वर्षी उदय खेडकर यांच्यासोबत त्यांनी दुहेरी प्रवाहाला किती फेऱ्या लागतील, याची मर्यादा प्रोग्राममधल्या वाटांच्या आलेखाच्या 'रुंदी'वरून दाखवली. तोवरचं 'खोली'चं माप एकाच दिशेच्या प्रवाहापुरतं होतं. इथे मशीन तेच राहतं, फक्त फेऱ्यांचा हिशेब बदलतो.

कंपायलर वेगवान केला की तयार होणारा कोड निकृष्ट होतो, असंही सर्रास बोललं जातं. 'ओ-टू'सारखा ऑप्टिमायझेशनचा पर्याय दिला की कंपायलर जास्त पास, म्हणजे कोड सुधारण्याचे टप्पे, चालवतो आणि जास्त वेळ घेतो, म्हणून हा समज पक्का झाला असावा. पण धामधेरेंचा शोधनिबंध आला त्याच 1992 च्या परिषदेत नूप, र्‍यूटिंग आणि स्टेफेन यांनी दोनदा होणाऱ्या बेरजेच्या प्रश्नाचं उत्तर केवळ एकेरी प्रवाहांनी काढलं. गणित सोपं झालं, अनावश्यक गणना टळल्या आणि रजिस्टरवरचा ताणही कमी झाला. निरुपयोगी कोड आधीच काढणारा पास तर पुढच्या सगळ्या पासचं ओझं हलकं करतो.

कंपाइलचा वेळ अर्ध्या टक्क्याने वाढला तर काय होतं, हा प्रश्न या समजाहून नुकसानकारक आहे. एलएलव्हीएम या कंपायलर प्रकल्पात निकिता पोपोव्ह यांनी प्रत्येक बदलाचा कंपाइल-वेळेवरचा परिणाम मोजायची व्यवस्था उभी केली. तिच्यात भर असतो तो प्रोसेसरने चालवलेल्या सूचनांच्या संख्येवर, कारण सेकंद प्रत्येक वेळी थोडे हलतात आणि लहान फरक त्यात बुडतो. न दिसलेल्या अशा लहान वाढी साचतात आणि काही आवृत्त्यांनंतर कंपायलर जड होतो. उलट बाजूने मिळवलेली बचत मात्र फुकट वाटली जाते: जीसीसी हा कंपायलर आणि एलएलव्हीएम दोन्ही मुक्त आहेत, नवी आवृत्ती जुन्या लॅपटॉपवरही चढते.

म्हणून दुकानात जाण्याआधी जीसीसीला 'एफ-टाइम-रिपोर्ट' हा पर्याय देऊन बघा. कोणत्या टप्प्यात किती वेळ गेला, याची यादी समोर येते. सी-प्लस-प्लसमध्ये बराच वेळ ऑप्टिमायझेशनच्या आधीच, हेडर वाचण्यात आणि टेम्प्लेट उलगडण्यात गेलेला दिसतो. तसं असेल तर नको असलेली हेडर काढून टाका.