प्लेअर नवा घ्यावा की कॅसेटी वाचवाव्यात?

पिंप्राळ्यात आमच्या घरी सध्या एकच वाद चालू आहे. आमच्याकडे चांगल्या प्रतीचा डिजिटल म्युझिक प्लेअर आहे, पाच-सहा वर्षांपूर्वी हप्त्याने घेतलेला. मोठ्या मुलाचे म्हणणे, आता नवे मॉडेल घ्यावे. किंमत आमच्या दीड पगाराएवढी! कारकुनाच्या घरात हा प्रश्न नुसत्या हौसेचा राहत नाही, कारण धाकटीची कॉलेजची फीही त्याच पगारातून जाते. म्हणून आम्ही कागद घेऊन हिशेब मांडला.

नव्या प्लेअरच्या जाहिरातीत २४ बिट, १९२ किलोहर्ट्झ असे आकडे असतात. साधी सीडी १६ बिट, ४४.१ किलोहर्ट्झची. तेवढ्यातही सुमारे २२ किलोहर्ट्झपर्यंतचा आवाज नोंदला जातो. माणसाचा कान फार तर २० किलोहर्ट्झपर्यंत ऐकतो, तेही तरुणपणी. आम्ही चाळिशी ओलांडलेली माणसे, १९२ घेऊन करणार काय? आमचा जुना प्लेअर सीडीच्या दर्जाचे गाणे व्यवस्थित वाजवतो. तक्रार आहे ती बॅटरीची. लिथियम बॅटरी काहीशे वेळा चार्ज केली की थकतेच. ती गोलाणी मार्केटात बदलून मिळते का, हे आधी पाहावे. पैसे उरले तर चांगला हेडफोन घ्यावा, फरक तिथे लवकर कळतो.

पण खरी गोष्ट निराळीच निघाली. प्लेअरमधली निम्मी भीमगीते १२८ केबीपीएसच्या एमपीथ्रीत आहेत. सीडीवर सेकंदाला १४११ किलोबिट असतात, म्हणजे जवळजवळ अकरावा हिस्सा उरला. गाळलेला भाग कितीही महागडा प्लेअर परत आणू शकत नाही.

वामनदादा कर्डक आणि प्रल्हाद शिंदे २००४ साली गेले, विठ्ठल उमप २०१० साली. त्यांची गाणी कंपन्यांच्या रेकॉर्डिंगमध्ये आहेत, ती कुठे ना कुठे मिळतील. मात्र आमच्या वडिलांच्या ट्रंकेत साठेक कॅसेटी अशा आहेत, की ज्यांवर जयंतीच्या रात्री गायन पार्ट्यांनी म्हटलेली गाणी साध्या टेपरेकॉर्डरवर भरलेली आहेत. त्यांची दुसरी प्रत नाही. पावसाळ्यात फितीला बुरशी लागते, आतली दाबपट्टी गळून पडते. दोन कॅसेटींची फीत तर एकमेकीला चिकटलेली सापडली.

हे काम घरी होते. बंधू-भगिनींनी आधी कॅसेटच्या कडेची प्लास्टिकची चिमटी मोडावी, म्हणजे चुकून वरून काही भरले जाणार नाही. डेकचे हेड साफ करावे, फीत एकदा पुढे-मागे फिरवून घ्यावी आणि मग तारेने संगणकाला जोडून २४ बिट, ४८ किलोहर्ट्झवर भरावी. तासाला साधारण १ जीबी जागा लागते, फ्लॅक केल्यास त्याहून कमी. एमपीथ्री पाहिजे तर मागाहून करावी. साठ मिनिटांच्या कॅसेटला साठ मिनिटे द्यावीच लागतात, त्याला आडवाट नाही. प्रती दोन कराव्यात आणि दोन वेगळ्या घरांत ठेवाव्यात.

मुलाने तोंड वाकडे केले खरे, पण डेक दुरुस्तीला तोच घेऊन गेला. प्लेअरचे पुढच्या वर्षी पाहू. येत्या रविवारी पहिली कॅसेट लावायची आहे. तिच्यावर 'जयंती, पिंप्राळा' एवढेच लिहिले आहे. गाणारे कोण, हे गल्लीतल्या म्हाताऱ्या मंडळींना बोलावून विचारावे लागेल.