वऱ्हाडी कास्तकार आणि त्याची भाकर

महसूल खात्यात असता आमच्या लेखणीखालून अमरावती व अकोला जिल्ह्यांतील कितीतरी गावांचे पीकपाहणीचे कागद गेले. कोणत्या गटात कोणते पीक किती क्षेत्रावर उभे आहे, हे गाव नमुना बारामध्ये लिहिलेले असते. नोकरीच्या आरंभी कापसाखालोखाल ज्वारीची नोंद येई. पुढे तो आकडा वर्षानुवर्षे आखडत गेला आणि 'सोयाबीन' हा शब्द लिहिताना हाताला वळणच पडून गेले. २०२१ पासून ही पाहणी कास्तकार स्वतःच मोबाइलवर नोंदवू लागले. कागदावर जे घटले ते ताटातूनही घटले असणार, हा साधा विचार मात्र निवृत्त होऊन घरी बसेपर्यंत आम्हांस सुचला नव्हता.

घरी बसल्यावर जुन्या सवयीने आम्ही एका वर्षाचा किराणा मांडून पाहिला. अकरा एकरांचे खातेदार आम्ही; पण गहू विकतचा, तेल विकतचे, भाजी आठवडी बाजारातली! सर्वांत लाज वाटली ती तुरीच्या डाळीची. माघात आम्ही तूर बाजारात घालतो आणि चैत्रात डाळ विकत आणतो. अकोला हे डाळमिलींचे मोठे ठिकाण. तेव्हा आमचीच तूर तेथे भरडली जाऊन दुकानावाटे आमच्या घरी परत येत असेल, तर नवल नाही. एक क्विंटल तुरीची साधारण ७० किलो डाळ निघते, चुनी जनावरांस होते. हा हिशेब पूर्वी घरातील बाई जात्यावर करीत असे. जाते आता तुळशीपाशी पालथे पडले आहे.

वऱ्हाडात हे आजच घडले असेही नाही. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी झाली, विलायतेच्या गिरण्यांस कापूस मिळेना, आणि त्यांची नजर आमच्या काळ्या जमिनीकडे वळली. अकोला व बडनेऱ्यावरून जाणारा लोहमार्ग १८६७ साली नागपुरास पोहोचला. तरीही कापसाच्या शेजारी ज्वारी टिकून राहिली, कारण कास्तकारास भाकर हवी होती व बैलास कडबा. आता नांगर ट्रॅक्टरच्या मागे गेला, बैल विकले गेले, कडब्याचे कारण सरले. स्वस्त धान्य दुकानातून गहू-तांदूळ मिळू लागला. जानेवारी २०२३ पासून पात्र कुटुंबांस तो मोफतच आहे. गरिबाच्या घरी त्याने चूल पेटते, त्यास आम्ही नावे ठेवणार नाही. १८९९-१९०० च्या दुष्काळात वऱ्हाडची जी दैना झाली ती ज्यांनी वाचली आहे, ते 'गावचेच खावे, बाहेरचे नको' असा हट्ट कधी धरणार नाहीत.

आणि जुने म्हणून सर्व चांगले, असेही आमचे म्हणणे नाही. लाखेची डाळ स्थानिकच होती. परंतु तीच एक दीर्घकाळ खाऊन माणसे पायांनी अधू झाली.

मग आमचे म्हणणे काय? एवढेच की, ज्या ऋतूत जे रानात आपोआप किंवा थोड्या कष्टाने मिळते ते आधी खावे. पावसाळ्यात तरोटा व अंबाडी. हिवाळ्यात वांग्याचे भरीत, तुरीचे ओले सोले, हरभऱ्याची खुडलेली भाजी. उन्हाळ्यात चिवळ, आंबील आणि वाळवणाच्या मुंगवड्या. पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यात विहिरीचे पाणी भाजीस चालत नाही, तेथील लोकांनी हरभऱ्याचा पाला वाळवून त्याचा खुला करून ठेवावा, ही त्या मातीनेच शिकविलेली युक्ती होय. संत्र्याचेही तसेच. वरुड-मोर्शीच्या आंबिया बहाराची फळे हिवाळ्याच्या तोंडाशी येतात, मृग बहाराची त्यानंतर उन्हाळ्याच्या सुमारास. अशा तालुक्यांशेजारी राहून आमची नातवंडे भर ज्येष्ठात सफरचंद मागतात!

असो. बोलणे सोपे, करणे कठीण, हे आम्ही पदरमोड करून शिकलो. तीन वर्षांपूर्वी चिरंजीवांचा विरोध असता अर्धा एकर ज्वारी पेरली. शिवारात दुसरीकडे कोठेही ज्वारी नव्हती. कणीस दुधात आले तसे पाखरांचे थवे उतरले, रात्री रानडुकरे शिरली, आणि जे वाचले ते काढणीच्या वेळच्या पावसाने काळे पडले. पदरात पडली ती दीड पोते ज्वारी व चिरंजीवांचे मौन. ते मौन ज्वारीहून जड होते, हे कबूल केले पाहिजे. त्याचा हिशेब चुकीचा नव्हता. त्या अर्ध्या एकरात सोयाबीनने काहीतरी रोख दिली असती.

चूक आमची होती ती निराळी. एकट्याची ज्वारी म्हणजे साऱ्या शिवारातील पाखरांची एकच पंगत. पूर्वी शंभर एकर ज्वारी एकत्र उभी राही, म्हणून प्रत्येकाच्या वाट्यास नुकसान थोडे येई. गेल्या मृगात आम्ही लागून असलेल्या चौघा खातेदारांस विनविले, आणि बांधास बांध लावून पाच एकर ज्वारी पेरविली. बियाण्याविषयी अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठातील ज्वारी संशोधन केंद्रात आधी विचारून घेतले. जागलीच्या पाळ्या वाटून घेतल्या. माळ्यावर गोफण घेऊन बसण्यास आमचा नंबर आला, तेव्हा गावची पोरे हसावयास आली आणि गोफण शिकून गेली. या खेपेस आमच्या एका एकरास सात क्विंटल ज्वारी झाली. कडबा गावातील दूधवाल्याने जागेवरच उचलला व त्या पैशांत काढणीची मजुरी भागली.

आता अडचण राहिली ती चुलीपाशी. सूनबाईस भाकर थापता येत नाही. गव्हाप्रमाणे ज्वारीचे पीठ चिकट नसते, ते उकळत्या पाण्यात मळावे लागते आणि शिळे झाले की तुटते. आमच्या मंडळींनी दर आठवड्यास थोडेच दळून आणण्याचा नेम घातला आहे. धाकटा नातू अजून तोंड वाकडे करितो. झुणका असला म्हणजे मात्र अर्धी भाकर जाते.

चिरंजीवांनी परवा आपण होऊन विचारले, येत्या मृगात वरचा तुकडाही ज्वारीस द्यावा काय? शेजारचे दोघे अद्याप होय-नाही करीत आहेत. बियाणे आम्ही निवडून, कडुनिंबाचा पाला घालून कोठीत ठेविले आहे.